घडी घालणारा माणूस येतो की जातो?

...तर मला सांगा, "तुम्ही जाणार कधी?" हे विचारायला माणसानं तोंड कुठून आणायचं? नाही, तुम्हीच सांगा! आणि तेही बायकोच्या थोरल्या भावाला! जन्मभर परदेशी भाषा शिकवल्या, निवृत्त झाले, घरी एकटेच, म्हणून आले आमच्याकडे... चार दिवसांसाठी हां! आज पाचवा महिना. आतली खोली त्यांची, सकाळचा पेपरही आधी त्यांचा, मला मिळतो तो कोडं सोडवलेला!

बरं, आमची लाँड्री. म्हणजे दिवसभर घड्या. हॉटेलच्या चादरी, दवाखान्याचे अभ्रे, तीस वर्षं हेच. दादा रोज दुपारी दुकानात येतात, स्टुलावर बसतात आणि सुरू... "भावजी, तुम्ही हे जे करताय ना, त्याला रोमन लोकांचं क्रियापद होतं. प्लिकारे! घडी घालणे!" म्हटलं असेल, त्यांनाही चादरी असतीलच की! "अहो, गंमत पुढेच आहे! फ्रेंच माणसाकडे ते घडी घालणंच राहिलं. स्पेनमध्ये त्याचं झालं 'पोहोचणे'! का? तर म्हणे खलाशी बंदराला लागले की शिडं गुंडाळायचे. आणि रुमानियात? 'निघणे'! तिथं सैनिक तळ हलवताना तंबू गुंडाळायचे, असं सांगतात. एकच घडी, भावजी! एकाचं येणं, दुसऱ्याचं जाणं!" आणि हे सांगताना कोपर कुठे? माझ्या अभ्र्यांच्या थप्पीवर! करा पुन्हा इस्त्री!

मी मनात म्हटलं, अख्ख्या जगाचं येणं-जाणं पाठ आहे, आणि स्वतः आले होते चार दिवसांसाठी! बायकोला म्हटलं, "अगं, दादांना जरा विचार की." तर ही, "तुम्हीच विचारा. संध्याकाळी दुकान बंद करायचं भान नसतं दोघांना!"

आता खोटं कशाला बोलू... तीस वर्षं दुकानात माझ्याशी बोललंय कोण? गिऱ्हाईक बोलतं ते काय, "डाग गेला नाही!"

तर परवा सकाळी बघतो तर काय, दादा खाटेवर कपडे पसरून घड्या घालतायत! कोपऱ्याला कोपरा जुळवून, अगदी माझ्यासारख्या! शेजारी बॅग उघडी. मला आनंद व्हायला हवा होता की नाही? तुम्हाला सांगतो, छातीत धस्स झालं! दारातूनच विचारलं, "दादा... ही घडी स्पेनची की रुमानियाची?"

दादांनी मान वर केली नाही. "निघतो, भावजी. आलो होतो चार दिवसांसाठी. अडचण होते, कळतं मला."

कळतं म्हणे! पाच महिन्यांत हे एवढंच कळलं? मी कपाट उघडलं, माझे दोन कप्पे रिकामे केले आणि त्यांच्या घड्या उचलून त्यात लावून टाकल्या. म्हटलं, "दुपारी वेळेवर या, हॉटेलच्या दोनशे चादरी आल्यात." दादांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

आता दादा खूश, बायको खूश. आणि माझे कपडे? खुर्चीच्या पाठीवर, ढिगानं! तेच चुरगळलेले घालून दुकानात बसतो, आणि गिऱ्हाईक दारातूनच विचारतं... "काय हो, लाँड्री बंद आहे का?"