मॉनिटर अंगावर चढला, एवढंच म्हणालो

...आणि मी म्हणतो, मी खोटं बोललो का? नाही ना? शब्द चुकीचा वापरला का? तोही नाही. मॉनिटर अंगावर चढला, म्हणून सांगितलं की मॉनिटर अंगावर चढला. आता एवढ्यावरून कोणी शहाण्या माणसाला वेड्यात काढतं का हो? काढतात. तुम्हाला सांगतो, काढतात, आणि तेही इतकं गोड बोलून की भांडायचीसुद्धा सोय राहत नाही. चुकत असेल माझंच. मला जन्मभर तेच वाटत आलंय, कॉलेजात लॅटिन शिकवायचो तेव्हाही फळ्यावर ओळ लिहिली की आधी मागे वळून बघायचो, कोणी हसतंय का... पण या वेळी माझी अगदी खात्री आहे. म्हणजे, बऱ्यापैकी खात्री आहे.

तुमचं बरं आहे. तुमच्याकडे घोरपड म्हटली की घोरपड, दुसरं काही डोळ्यांपुढे येत नाही. आमच्या इंग्रजीत तिला मॉनिटर म्हणतात. आणि मॉनिटर म्हणजे काय? तर वर्गात बडबडणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणारं ते आगाऊ कारटं, ते मॉनिटर. कॉम्प्युटरचा पडदा, तोही मॉनिटर. छातीला तारा चिकटवून कमरेला डबी बांधतात, हृदय कसं चाललंय ते बघायला, तो मॉनिटर. आणि जवळजवळ माझ्याएवढी लांब, दुभंगलेल्या जिभेची, माझ्या कोंबड्यांची अंडी कवचासकट गिळणारी जी बया आमच्या परसात येते, तीही मॉनिटरच. एका शब्दात इतकी गर्दी? कोणी बघणारं आहे की नाही?

आता तुम्ही म्हणाल, मग गोआना म्हणा की. टॅलोवुड क्रीकमध्ये, आमच्या गावात, शेंबडं पोरसुद्धा गोआनाच म्हणतं. माझी बायको, ऊना, तिचंही तेच, 'लेस्ली, गोआना म्हण आणि विषय संपव.' पण कसं म्हणू? पहिल्यांदा जहाजातून कोणी तरी उतरला, त्याने कुठे तरी इग्वाना या दुसऱ्याच सरड्याचं नाव ऐकलेलं, समोर ही दिसली, म्हणाला इग्वाना, पुढच्यांनी त्याचं केलं गोआना. म्हणजे एक तर चूक, आणि वर बोबडी चूक! मॉनिटर निदान लॅटिन आहे, इशारा देणारा... आता खरं सांगायचं तर तीही चूकच, असं म्हणतात. अरबीत या प्राण्याला वरन की वरल असं काही तरी म्हणायचे, ते युरोपात कोणाला तरी इशारा या अर्थाचं वाटलं आणि त्याने त्याचं थेट लॅटिन करून टाकलं. कोणाला इशारा देते ती? माझ्या कोंबड्यांना? पण माझं म्हणणं असं की चूकच करायची तर माणसाने लॅटिनमध्ये करावी. चुकत असेल माझंच.

मुद्दा काय, तर लायसन्स. आमच्या वयाला दर वर्षी डॉक्टरची सही लागते, ती मिळाली तर गाडी, नाही तर बसा घरात. मी बसलो असतो हो. मला कुठे जायचंय? पण ऊनाच्या डोळ्यांचं मधलं सगळं गेलंय, कडेकडेचं तेवढं दिसतं, म्हणजे कपाट दिसतं आणि कपाटासमोर उभा असलेला मी दिसत नाही, यात तिला विशेष नुकसान वाटत नाही ते सोडा. पण दर गुरुवारी पोर्ट हॅलमला तिचा गायनाचा गट असतो. आठवडाभर ही बाई खुर्च्यांना धडकत असते आणि गुरुवारी दुसऱ्या रांगेत उभी राहते ती अशी ताठ, की बाकीचे कागदात डोकं घालून गातात आणि हिला कागदच लागत नाही, सगळं पाठ. तिकडे बस जात नाही. गाडी गेली तर गुरुवार गेला, आणि गुरुवार गेला तर... नको, तो विचार मी रोज करतो, तुम्ही नका करू.

तर आमच्या डॉक्टर पापास, सिडनीहून नव्या आलेल्या, माझ्या नातीच्या वयाच्या, त्यांनी छातीला नळी लावली आणि म्हणाल्या, मधूनच एखादा ठोका चुकतोय, एक दिवस मॉनिटर लावून बघू आणि मग सही करू. ठीक आहे. जॅनेल नावाची नर्स आहे तिकडे, ती मला सोन्या म्हणते. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, दोन विषयांत पदव्या, आणि ती मला सोन्या म्हणते. तिने छातीवर तारा चिकटवल्या आणि बजावलं, 'ओलं करायचं नाही, तारा ओढायच्या नाहीत, आणि सोन्या, अगदी नेहमीसारखं वागायचं.'

मी नेहमीसारखा वागतच होतो हो! नेहमीसारखा चहा घेतला, नेहमीसारखा आपलं हृदय बंद पडणार याचा विचार केला, आणि तेवढ्यात खुराड्यात आरडाओरडा. झाडू घेऊन गेलो, दार उघडलं, तर आत ती. तोंडात अंडं. आमची नजरानजर झाली.

आता इथल्या पोराला चालता यायच्या आधी एक गोष्ट शिकवतात. गोआना घाबरली की जवळच्या झाडावर चढते, आणि झाड नसेल तर जे काही उभं असेल त्यावर. म्हणून ती अंगावर आली की आपण काय करायचं? जमिनीवर आडवं व्हायचं. बस. ऊनाने स्वयंपाकघरातून नुसत्या आवाजावरून ओळखलं आणि सांगितलं, 'लेस्ली, आडवा हो.' मला कळत नव्हतं का? पण मी विचार केला, तारा निघतील का? जॅनेल म्हणाली नेहमीसारखं वाग, आणि सकाळच्या वेळी कोंबड्यांच्या घाणीत आडवं होणं हे मी नेहमी करतो असं म्हणता येईल का? आणि केलं, तर ते डबीत नोंदलं जाईल का? असा मी दोन्ही बाजूंनी विचार करत होतो, आणि विचार करता करता माझं झाड झालं.

पँट, पट्टा, ती डबी, तारा, खांदा... आणि शेवटी डोक्यावर हनुवटी टेकून बसली बया. अंडं माझ्या कानात फुटलं. कुंपणापलीकडे क्लॅरी उभा, आमचा शेजारी, जन्मभर लाकडाचे ट्रक चालवलेला, तो म्हणतो, 'हलू नको मास्तर. तिला वाटलं पाहिजे की तू लाकडाचा ओंडका आहेस.' आणि मग जरा थांबून, 'तसं तुला वेगळं काही करावं लागणार नाही म्हणा.' मग म्हणाला पाण्याचा पाइप आणतो, एक फवारा मारला की उतरेल. मी ओरडलो, नको रे बाबा, मॉनिटर भिजेल! तो म्हणाला, 'भिजू दे की, तिला काय सर्दी होतेय?' बघा. क्लॅरीलासुद्धा कळेना, कोणता मॉनिटर!

एवढ्यात ऊना चाचपडत बाहेर आली, माझ्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाली, 'लेस्ली, तुझी कातडी अशी का लागतेय?' तिने ठेवलेला हात काही माझ्या मानेवर नव्हता. तिच्या त्या हाताला घाबरून म्हणा, ती बया आली तशी उतरली आणि निलगिरीवर गेली. माझ्या अंगावर ओरखडे, कानात बलक, आणि छातीत जे काही चाललं होतं ते सगळं डबीत नोंदलं जातंय!

म्हणून मी प्रामाणिकपणे फोन केला. नसता केला तर? पण मला वाटलं, डॉक्टरांनी तो आलेख बघितला तर त्या म्हणतील या माणसाला झटका आलाय, आणि गुरुवार गेला. म्हणून आधीच सांगून ठेवावं. मी म्हणालो, 'जॅनेल, मॉनिटर माझ्या अंगावर चढला.'

'मॉनिटर अंगावरच असतो, सोन्या.'

'तो नाही. दुसरा.'

'दुसरा? दुसरा कोणी दिला तुला?'

'कोणी दिला नाही. खुराड्यात होता.'

'तू मॉनिटर काढून खुराड्यात ठेवलास?'

'नाही गं, तो आपणहून गेला. अंडी खायला.'

मग अगदी हळू आवाजात, लहान मुलाशी बोलतात तसं, 'सोन्या, आज वार कोणता आहे?' मला सांगा, माणूस घाबरलेला असताना वार आठवतो का? मी म्हणालो गुरुवार, कारण माझ्या डोक्यात गुरुवारच होता. मंगळवार होता.

दुसऱ्या दिवशी गेलो तर डॉक्टरांच्या टेबलावर आलेख नाहीच, स्मरणशक्तीची चाचणी! ऊनाला बाहेर बसवलं. घड्याळ काढा म्हणाल्या, काढलं. शंभरातून सात सात वजा करा म्हणाल्या, केले, दोनदा केले, पहिल्यांदा बरोबर आले का अशी शंका आली म्हणून. मग म्हणाल्या, एका मिनिटात जितक्या प्राण्यांची नावं सांगता येतील तितकी सांगा. सोपं आहे ना? गाय सांगायची, घोडा सांगायचा. पण तुम्हाला सांगतो, त्या क्षणी जगातल्या सगळ्या गायी मेल्या. रात्रभर डोक्यावर ती हनुवटी जाणवत होती, दुसरं सुचणार काय? मी सुरू केलं... पाण्यातला मॉनिटर, वाळूतला मॉनिटर...

'यंत्रं नकोत,' त्या म्हणाल्या, 'प्राणी.'

मी गडबडलो. मग म्हणालो, दाढीवाला ड्रॅगन. झालरवाला ड्रॅगन. त्यांनी मान वर केली. काटेरी सैतान, म्हणालो. निळी जीभ. आता हे सगळे इथले साधे सरपटणारे जीव आहेत हो! आमच्या इंग्रजीने सरड्यांना हीच नावं दिलीत, त्यात मी काय करू? एवढासा सरडा, तो ड्रॅगन! मुंग्या खाऊन जगणारा गरीब जीव, तो सैतान! आणि जी पाल नुसती जीभ दाखवून पळते, तिचं नावच जीभ! पण सिडनीत वाढलेल्या पोरीला काय दिसणार? समोर एक म्हातारा बसलाय, कानाजवळ सुकलेला बलक, आणि त्याला यंत्रं दिसतायत, ड्रॅगन दिसतायत, सैतान दिसतोय आणि एक निळी जीभ हवेत तरंगतेय.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मऊ आवाजात म्हणाल्या, 'आणि हे तुमच्या अंगावरसुद्धा चढतात?'

मी काय म्हणणार? नाही म्हणालो तर खोटं. हो म्हणालो तर संपलं. चुकत असेल माझंच, पण मी हो म्हणालो. आणि मग समजावायला गेलो! सरळ गप्प बसावं की नाही? इग्वानापासून सुरू केलं, अरबीवर आलो, मॉनिटर हा मूळचा भाषांतराचा घोटाळा कसा आहे ते सांगितलं, आणि जसजसं पटवून देत गेलो तसतसा त्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटी त्यांनी ऊनाला आत बोलावलं, तिचा हात हातात घेतला, आणि विचारलं, घरी हे केव्हापासून असं बोलतात?

'लग्न झाल्यापासून,' ऊना म्हणाली.

'काल नक्की काय झालं?'

'गोआना चढली त्याच्या अंगावर. आडवा हो म्हटलं, झाला नाही.'

बस. एवढंच. आणि डॉक्टर पापास खुर्चीत मागे रेलून अशा हसल्या, अशा हसल्या, की जॅनेल धावत आली. 'गोआना होय! मग तसं सांगायचं ना!' आलेख काढला. म्हणाल्या, एवढी मोठी गोआना डोक्यावर बसली असताना हृदय असं धावलं तर उत्तमच आहे, मधले एक-दोन ठोके या वयात चुकायचेच. मला वाटलं, सुटलो. ऊनाने माझं कोपर दाबलं. गुरुवार वाचला.

पण ती चाचणी झाली होती ना? ती थोडीच पुसता येते? डॉक्टर म्हणाल्या, सही करते, पण सहा महिने एकट्याने चालवायचं नाही. शेजारी कोणी तरी हवं, जे लक्ष ठेवेल, असंबद्ध बोलायला लागलात की लगेच मला कळवेल. म्हणाल्या, तुम्हाला एक मॉनिटर हवा. हाच शब्द! मी आपल्या पायांकडे बघत बसलो.

'मी आहे की,' ऊना म्हणाली.

मी म्हणालो, डॉक्टर, हिला समोरचा ट्रक दिसत नाही. तर ऊना म्हणते, 'ट्रक कशाला दिसायला हवाय मॅडम, मला फक्त हा ऐकायचाय.' आणि डॉक्टरांना पटलं! लेखी दिलं!

गुरुवारी निघालो. ऊना शेजारी, निळा झगा घालून, हात मांडीवर, कान माझ्याकडे. लाकडाच्या गिरणीच्या वळणावर गाडी आणली आणि कचकन ब्रेक दाबला, कारण रस्त्याच्या मधोमध ती चाललेली. आमचीच का दुसरी, देव जाणे, पण चाल बघाल तर, रस्ता बापाचा. एक पाय टाकते, जीभ काढते, थांबते.

'काय झालं?' ऊनाने विचारलं. 'का थांबलास? काय आहे समोर?'

आता सांगा, काय बोलू? मॉनिटर म्हणालो तर उद्या डॉक्टरला फोन. गोआना म्हणालो तर इतकी वर्षं कॉलेजातल्या मुलांना नेमक्या शब्दासाठी कशाला छळलं? तिकडे ती अजून चाललेलीच, शेपूट संपता संपेना, इकडे ऊना वाट बघतेय, गाण्याला उशीर होतोय...

'मांजर,' मी म्हणालो.

ऊनाने समाधानाने मान हलवली. 'बघ,' म्हणाली, 'नीट बोललास की लगेच कळतं.'