वसंताच्या खोलीत आता कोण बसणार

मंडळी, मागच्यांनी पुढं येऊन बसा. वसंताच्या शोकसभेला बेंबळीहून, परंड्याहून आलात. मी थोडक्यात बोलते.

वसंता माझा धाकटा भाऊ. आपल्या दवाखान्यात तो कृत्रिम डोळे करायचा. ज्याचा डोळा गेला त्याला खिडकीपाशी बसवायचा आणि चांगल्या डोळ्याकडं बघत दुसरा रंगवायचा. लाल रेशमाचे तंतू सोडवून पांढऱ्यावर शिरा बसवायचा. मला म्हणायचा, "अक्का, डॉक्टर लोक मला पेंटर म्हणतात, पेंटर लोक डॉक्टर. घरात मी नुसता वश्या."

हसा, हरकत नाही. तोही हसायचा.

पण त्याला हंपीला जाऊन महिनाभर चित्रं काढायची होती, हे तुम्हाला ठाऊक होतं का? दरवर्षी निघायचा. दरवर्षी इथंच राहायचा. डोळा एकदा करून भागत नाही. त्याला दरसाल घासून चकाकी द्यावी लागते. मूल वाढलं की नवा करावा लागतो. एक डोळा केला की एक माणूस जन्माचा बांधला गेला. एकदा तर तो स्टँडवर गाडीत बसला होता. परंड्याच्या एक बाई खिडकीशी आल्या. "साहेब, पोरीला उद्या बघायला येणार हायत. डोळा नीट बसंना झालाय." वसंता उतरला.

त्या बाई इथं आहेत. बाई, तुमचा दोष नाही. कुणाचाच नाही. हेच तर अवघड आहे.

मघाशी दवाखान्याच्या अध्यक्षांनी जाहीर केलं, वसंताची मुलगी मृणाल सोमवारपासून वडिलांच्या खोलीत बसेल. सगळ्यांनी माना हलवल्या. तिला कुणी विचारलं? चित्रकला शिकून ती बापाच्या हाताखाली तयार झाली. आता नाक, कान, चेहऱ्याचे भाग घडवायला शिकण्यासाठी मोठ्या शहरात तिची निवड झाली आहे. याच महिन्यात हजर व्हायचंय. बापाच्या फोटोसमोर ती नाही कशी म्हणेल?

वसंता मला म्हणाला होता, "अक्का, पोरगी माझ्यापेक्षा चांगली रंगवती. म्हणूनच तिला हितनं कुणी सोडणार न्हाय."

सभेआधी दाराशी तामलवाडीच्या एका आजोबांनी मला विचारलं, "साहेब तर गेले. आता आमी कुठं जावं, बाई?" पण आपल्याकडं त्याचं उत्तर नाही म्हणून पोरीला त्या खोलीत कोंडायचं, हे मला मान्य नाही.

आता उभे राहा. दोन मिनिटं वसंतासाठी माना खाली घाला. आणि तेवढा वेळ मृणालकडं कुणी बघायचं नाही.