करीमभाईंचं अळणी पथ्य

—नाही हफीजाबी, चिमूटभरसुद्धा नाही. बसा, मिरकरवाड्याहून उन्हातून चालत आलात, पाणी घ्या. पुन्हा सांगतो. खाडीकाठच्या शेताच्या बांधाला उघाडी असते ना? ओहोटीला खारं पाणी बाहेर सोडायचं, भरती आली की फळी बंद. माणसाच्या पाठीत तशा दोन उघाड्या—मूत्रपिंडं. अंगात मीठ किती ठेवायचं, लघवीतून किती सोडायचं, ते तीच ठरवतात. तुमच्या मालकांची, करीमभाईंची, अडली. मीठ आत साचलं, मिठानं पाणी धरलं, पाय सुजले, रक्ताचा दाब चढला. म्हणून मीठ बंद, सुके बांगडे बंद. यात चुकलं काय? पहिल्या दिवशी पारा दोनशेदहावर, आणि सहा आठवड्यांत एकशेवीस—एक गोळी न देता. लोक हसतात, विलायतेहून आलेला डॉक्टर पेजेतलं मीठ चोरतो म्हणून. हसू देत. मी एडिंबरोला माझ्या प्राध्यापकांना लिहूनसुद्धा टाकलं—इथला एक तांडेल, म्हणजे मचव्यावरचा म्होरक्या, निव्वळ पथ्यावर बरा झाला.

पोटऱ्यांत गोळे येतात? येणारच, सवय मोडताना अंग कुरकुरतं. ओकाऱ्या कधीपासून? आणि उभं राहिलं की अंधारी—हां, दाब उतरला की होते तशी. लघवी मात्र भरपूर म्हणता. म्हणजे मीठ तोंडातून जात नाही, आणि खालून वाहतंच आहे, फळी बसतच नाही, असं म्हणायचंय तुम्हाला? नाही, तुम्ही कुठे म्हणालात. मीच म्हणालो.

वेळणेश्वरच्या आप्पांनाही हेच पथ्य दिलं होतं, त्यांचंही असंच—म्हणजे असंच नव्हे, ते म्हातारे होते. गोळे, ओकाऱ्या, मग सुनेला ओळखेनात. ती पाया पडून विचारत होती, मिठाची पेज पाजू का. मी नको म्हटलं. शेवटी नाडीच हाताला लागेना. मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलं, हृदय थकून. ते खोटं नव्हतं, सगळ्यांचं हृदय शेवटी थकतंच.

अशा बघू नका. उघाडी अडते, तशी कुजून उघडीही राहत असेल, मान्य. पण लागोपाठ दोघांची? मग मी पत्रात जे लिहिलं, ते—

काय? सकाळपासून ते तुम्हाला आपली आई समजतायत?

पारा उतरलाय, हफीजाबी. उतरला म्हणजे गुण आला. पथ्य मोडायचं नाही. मी उद्या येऊन बघतो—जा तुम्ही. जा म्हटलं ना.