पैकीच्या पैकी

मुलगी : ती खुर्ची ओढू नका. बसायला नाही बोलावलं तुम्हाला.

पाहणीवाल्या बाई : ताई, हळू बोला, वॉर्ड आहे. मला कळलं तशी धावत आले.

मुलगी : कशाला? परत मोजायला? उर्दू बोलणाऱ्या पेशंटांना आपल्या साखरेच्या आजारातलं किती कळतं, हेच मोजत होतात ना? मोजा! अंगठा काढलाय अब्बांचा. पाय राहतो की जातो, ते डॉक्टर उद्या सांगणार.

बाई : ज्यांना कमी कळतं त्यांच्यासाठी वर्ग ठेवला होता आम्ही. उर्दूतूनच. पाय कसे जपायचे, ते करून दाखवत होतो.

मुलगी : मग अब्बांना का नाही बोलावलंत?

बाई : त्यांना पैकीच्या पैकी मार्क होते.

मुलगी : वा! जो माणूस बधिर पायाशी गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपतो, कातडी भाजली तरी ज्याला पत्ता नाही, त्याला पैकीच्या पैकी? डोळे मिटून मार्क वाटता का?

बाई : तोच प्रश्न विचारला होता मी. पाय बधिर असेल तर गरम पिशवीनं शेकावा का? उत्तर आलं, अजिबात नाही.

मुलगी : अब्बा म्हणाले असं?

बाई : तुम्ही म्हणालात.

मुलगी : मी… हो, मी. मग काय करणार होते? अब्बा सावकाश बोलतात. मागे रांग लागलेली. उभा जन्म कपडे शिवून शिकवलंय त्यांनी मला. चार लोकांसमोर त्यांना अडाणी ठरू दिलं असतं?

बाई : अडाणी कोण म्हणत होतं?

मुलगी : तुमच्या तोंडावर दिसत होतं! आणि कोण बोलतंय ते तुम्हाला दिसत नव्हतं? उर्दू येतं ना तुम्हाला? मग त्यांना विचारायचं होतंत!

बाई : दिसत होतं. तुम्ही पटापट सांगत होतात, माझं काम उरकत होतं. चुकलंच माझं. पण सगळं खापर माझ्या डोक्यावर फोडू नका, ताई. ते मी ऐकून घेणार नाही.

अब्बा : झालं का भांडून?

मुलगी : अब्बा, तुम्ही पडून राहा.

अब्बा : पडूनच आहे. त्या दिवशी बसलो होतो, तुम्हा दोघींच्या मधोमध. दुरुस्तीला आणलेल्या शिलाई मशीनसारखा. मशीनला कोण विचारतं, काय होतंय म्हणून? दोनदा तोंड उघडलं मी. दोन्ही वेळा तू माझ्या गुडघ्यावर हात दाबलास.

मुलगी : मग ओरडायचं होतंत माझ्यावर!

अब्बा : असा राग आला होता की उठून जावंसं वाटलं. पण तू एवढं फाडफाड सांगत होतीस… बघत बसलो तुझ्याकडे.

बाई : चाचा, आता फक्त तुम्ही बोला. हा तुमचा दुसरा पाय. मी इथे बोट दाबतेय. काय जाणवतंय?

मुलगी : छे, त्या पायाला काही झालेलं—

बाई : ताई.

(मुलगी तोंडावर हात धरते.)

अब्बा : काहीच जाणवत नाही. त्या दिवशी हेच सांगायचं होतं.