सदतीस क्लास, सदतीस शिव्या

खोटं वाटलं तर वाटू दे, पण कोलकात्यात माझी नोकरी एकदा मराठी शिवीपायी जाणार होती.

एका बँकेचा जुना प्रोग्रॅम आम्ही सी प्लस प्लस या जुन्या संगणकी भाषेतून जावा या नव्या भाषेत आणत होतो. जुन्या भाषेत एका क्लासला, म्हणजे कोडच्या एका घटकाला, दोन आईबाप चालायचे, जावात एकच, आणि ती जागा आधीच भरलेली. त्यामुळे रखडलेल्या फायलीची सूचना देणारा कोड वारशाने मिळेना. शेजारचा सुब्रतदा म्हणाला, "तो वेगळ्या क्लासात ठेव, बाकीचे त्याला काम सांगतील." पण मला कुठला धीर? सदतीस क्लासांत तोच कोड चिकटवला. कुठला क्लास बोलतोय ते कळावं म्हणून चाचणीपुरती प्रत्येकाच्या सूचनेत वेगळी मराठी शिवी घातली. ऑफिसात मराठी कळणारा मी एकटाच.

बँकेला दाखवायच्या डेमोला तास उरला तेव्हा आठवलं, शिव्या तशाच आहेत. शिव्या वेगवेगळ्या, म्हणजे एकदम शोधताही येईनात. सुब्रतदा मागे येरझाऱ्या घालत विचारत होता, "ठोंब्या हे कुणाचं नाव आहे की शिवी?"

छत्तीस काढल्या तोवर बँकेच्या मॅनेजरबाई आल्याच.

तिसऱ्याच फायलीला पडद्यावर उमटलं, 'मेल्या, हलतोस का आता?'

सुब्रतदा घाईघाईने म्हणाला, "मॅडम, मतलब, कृपया प्रतीक्षा करें."

बाई साताऱ्याहून बदलून आलेल्या. त्या माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "हे काढलंत तर मी सही करणार नाही. आमच्या कर्ज विभागाला दोन वर्षं मी हेच सांगतेय, फक्त इतक्या सभ्य शब्दांत नाही."