धामणीचं घर

चौऱ्याऐंशी साली तुमसरच्या बसस्टँडवर भंडाऱ्याच्या गाडीच्या रांगेत माझ्यापुढं इतवारी आणि त्याची बायको बायाबाई उभे होते. नांगराखाली जखमी झालेली धामण त्यांनी घरी पाळली होती.

"अजी, काचेच्या पेटीत धामण काई खात नाई. झाकणाचा प्लास्टिकचा टब घ्या."

"टबात मले दिसन का वं ते?"

"सारं गाव काचेतून तिले पाहून राहिलं. तुमी जेवतानी असं कोनी पाह्यलं, तं घास उतरन का तुमचा?"

"नाई उतरनार."

"मंग?"

"पन मी वावरातून आलो का पाहू कोनाले?"

"मी घरातच असते ना जी!"

इतवारी मोठ्यानं हसला. मग मागं वळून मला म्हणाला,

"भाऊ, भंडाऱ्यात प्लास्टिकचे टब कोठं भेटते?"