दुसरी डिस्क कोणती?

अगं, बाबांच्या फोटो स्टुडिओतली गंमत सांगते. तिथल्या कॉम्प्युटरात दोन डिस्क आहेत. दोन्हींवर लग्नांचे तेच फोटो असतात. एक बिघडली तर दुसरी सांभाळते. परवा स्क्रीनवर आलं, दुसरी डिस्क बिघडली, आणि पुढे तिचा नंबर.

दुरुस्तीवाले काका म्हणाले, "दुसरी म्हणजे खालची. पुसून परत जोडतो."

मी गपकन खालच्या डिस्कवर हात ठेवला.

"काहून वं? हात काढ!"

"काका, आधी डिस्कवरचा नंबर वाचा ना," मी कसंबसं म्हटलं.

काकांनी चष्मा लावला. स्क्रीनवरचा नंबर वरच्या डिस्कवर होता. खालची चांगली डिस्क पुसली असती, तर सगळे फोटो गेले असते.

काल एका गिऱ्हाइकाने विचारलं, "फोटो सेफ राहतील ना?"

बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हे आमची दुसरी डिस्क. मी बिघडलो, तरी हे सांभाळते."